"पगार वाढवू नका, शेठ": २१,००० च्या रेषेवर अडकलेल्या एका डाय-सेटरचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतलं एक प्रेस शॉप. पाच पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन, टूलरूम म्हणावं इतपत एक बेंच आणि मस्टरवर चौदा माणसं. दुचाकीला लागणारी पत्र्याची ब्रॅकेटं, क्लॅम्प, वॉशर इथं पडतात, मोठ्या व्हेंडरकडे जातात आणि तिथून गाडीच्या कंपनीत. मालक स्वतः एकेकाळी टूलरूममध्ये नोकरीला होते. शॉपचं आणि माणसांचं नाव देत नाही. पगाराचे आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. कायद्यातले दर आणि मर्यादा मात्र जशाच्या तशा.

एप्रिल २०२४ ची पगारवाढ ठरत होती. सगळ्यात जुना डाय-सेटर (प्रेसवर साचे बसवणारा), ज्याला पोरं मामा म्हणतात, २०,५०० वर होता. मालकांनी १,५०० ची वाढ काढली. कागद पाहून मामा केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "यावेळी पगार वाढवू नका, शेठ. वाढवायचाच असेल तर वर दिसू देऊ नका."

मालकांना आधी वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. मामाच्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. वडील नाहीत, आईचं स्वतःचं उत्पन्न नाही, त्यामुळे ती ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, कार्डावर त्याची आश्रित. उपचार टाय-अप, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, हॉस्पिटलात, खिशातून काही न जाता. पगार २१,००० च्या वर गेला की कार्ड बंद. आमच्यासारखे हिशेब लिहिणारे अशा विनंत्या अधूनमधून ऐकतात, पण बहुतेक वेळा त्या तोंडीच राहतात. इथं मालकांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडायला सांगितला, म्हणून हे प्रकरण नीट लिहिता येतं.

रेषेच्या अलीकडे, रेषेच्या पलीकडे

कर्मचारी राज्य विमा योजनेत पैसे दोघांनी भरायचे: मालकाने पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराने ०.७५ टक्के. २०,५०० वर मामाचे १५४ रुपये कापले जात, मालक ६६७ घालत. महिन्याला ८२१ रुपयांचं चलन, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत.

आता वाढ दिली असं धरू. पगार २२,००० झाला. मामाची कपात थांबली, म्हणून त्याच्या हातात १,५०० नाही तर १,६५४ जास्त आले. मालकांचे ६६७ वाचले, म्हणजे १,५०० ची वाढ त्यांना प्रत्यक्षात ८३३ ला पडली. पगारपत्रकावर दोघंही फायद्यात दिसतात. मला या प्रकरणातली सगळ्यात फसवी जागा हीच वाटते. रेषा ओलांडल्याचा तोटा कुठल्याच चलनावर किंवा स्लिपवर येत नाही, तो घरी येतो.

तो किती? महिन्याला साधारण तेरा डायलिसिस. खाजगीत एका वेळेचा खर्च दीड हजार धरला तरी १९,५००. शिवाय रक्त वाढवायची इंजेक्शनं, तपासण्या, रोजच्या गोळ्या. म्हणजे १,६५४ मिळवायला एक अख्खा पगार गमवायचा.

मालकांनी रास्त प्रश्न विचारला: महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे की. आहे, आणि त्यात डायलिसिसही आहे. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर ती आधीपासून होती, जुलै २०२४ पासून सगळ्यांना खुली झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हा मुद्दा हिशेबात न घेणं अप्रामाणिकपणाचं होईल. रेषेपलीकडे अगदीच दरी नाही. पण फुले योजना मुख्यतः ठरलेल्या पॅकेजची, दाखल होऊन किंवा दिवसभर घ्यायच्या उपचारांची योजना आहे. मधल्या दिवसांची औषधं, मामाला स्वतःला ताप आला तर बुडणारा रोज, बायकोची तपासणी, हे त्यात बसत नाही. आणि आईची तीन दिवसांची वेळ घराजवळच्या हॉस्पिटलात लागलेली होती. दुसरीकडे नवी वेळ मिळवायची म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी डायलिसिस चालू आहे त्यांना सांगायला नको.

मालक ईएसआयला शिव्या का देत नाहीत

भोसरी, चाकण, तळवडे कुठेही जा, छोट्या मालकाकडून ईएसआयबद्दल साधारण एकच सूर ऐकू येतो: पैसे जातात, मिळत काही नाही. या मालकांचाही तोच होता. तो २०२१ मध्ये बदलला.

त्या वर्षी एका पस्तिशीच्या ऑपरेटरची दोन बोटं प्रेसखाली गेली, एकाच हाताची तर्जनी आणि मधलं, दोन्ही पूर्ण. पगार १८,०००. प्रेस शॉपमध्ये अपघात म्हणजे बहुतेकदा बोटंच. सेन्सर बंद करून काम उरकायची सवय, नाहीतर दोन हातांची बटणं एका हाताने चालतील अशी केलेली सोय. दोष कुणाचा तो वेगळा विषय. इथं पैशांचं बघू.

ईएसआय नसती तर १९२३ चा भरपाईचा कायदा लागला असता. त्या हिशेबाला पगार जास्तीत जास्त १५,००० धरत. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. गुणाकार येतो ३,५४,७०८ रुपये. हे मालकाच्या खिशातून, उपचाराचा खर्च वेगळा, आणि रकमेवरून वाद झाला तर वकील वेगळा. त्या वेळी ईएसआयमध्ये बारा जण होते. सगळे सरासरी १८,००० वर धरले तर मालकाचा वाटा महिन्याला ७,०२० आणि वर्षाला ८४,२४०. म्हणजे एका अपघातात सव्वाचार वर्षांचे हप्ते वाहून गेले असते.

ईएसआय असल्यामुळे दावा ती चालवणाऱ्या महामंडळावर गेला. बरा होईपर्यंत रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे दिवसाला ५४० रुपये. मग मेडिकल बोर्डाने टक्केवारी ठरवल्यावर त्याच ५४० चे २० टक्के, दिवसाला १०८ रुपये, महिन्याला साधारण ३,२४० रुपये, आयुष्यभर. यासाठी आधी किती महिने हप्ते भरले याची अट नाही. कामावरचा पहिला दिवस असला तरी चालतो. त्या ऑपरेटरला शॉपनेच परत घेतलं, आता तो पॅकिंग आणि मोजणी बघतो. पेन्शन पगाराव्यतिरिक्त चालू आहे.

तेव्हापासून मालक चलनाची तारीख चुकवत नाहीत.

हप्ता नक्की कोण भरतं

कागदावर मालकाचा वाटा कामगाराच्या चौपटीहून जास्त आहे. पण शॉपमध्ये नवा हेल्पर येतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, "हातात किती?" मालक मनात एकूण खर्च धरून त्यातून उलटा हिशेब करतात आणि हातात पडणारा आकडा सांगतात. त्यामुळे मालकाच्या ३.२५ मधला बराचसा भाग हळूहळू कामगाराच्या न झालेल्या वाढीतूनच निघतो. अर्थशास्त्रात यावर गाजलेला अभ्यास चिलीचा आहे: १९८१ च्या सुधारणेनंतर तिथं पगारावरचा बोजा सरासरी ३० टक्क्यांवरून ८.५ वर आला आणि अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांना असं दिसलं की कपातीचा फायदा जवळजवळ सगळा पगारवाढीत गेला, रोजगार फारसा हलला नाही.

आपल्याकडेही असा प्रयोग आपोआप घडला. १९९७ पासून चालत आलेला एकूण ६.५ टक्क्यांचा दर १ जुलै २०१९ पासून ४ वर आला. १८,००० च्या पगारावर मालकाचे ८५५ चे ५८५ झाले, कामगाराचे ३१५ चे १३५. कामगाराचे १८० रुपये त्याच महिन्यात हातात आले, त्यात शंका नाही. मालकाचे २७० कुठे गेले? या शॉपपुरतं उत्तर असं: काही वाढीत गेले आणि काही वर गेले. व्हेंडरच्या खरेदी खात्याकडे प्रत्येक ब्रॅकेटचा सुटा हिशेब असतो: पत्रा किती, स्क्रॅप किती, मजुरी किती, मजुरीवरचा सरकारी भार किती. दर कमी झाला ही बातमी त्यांनी मालकांच्या आधी वाचली होती. पुढच्या वाटाघाटीत तो टक्का कापूनच कोटेशन मागितलं गेलं. चिलीच्या अभ्यासात मालक आणि मजूर असे दोघंच आहेत. भोसरीत तिसरा बसलेला असतो, आणि त्याचं वजन जास्त असतं.

उचल

या शॉपमध्ये २०१५ पर्यंतची एक लाल वही आहे, उचलीची. बायकोचं बाळंतपण, बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पोराला डेंग्यू, अशा नोंदींपुढे पाच हजार, बारा हजार, आठ हजार. मालक बिनव्याजी देत आणि दरमहा कापून घेत. चांगुलपणा होता, पण उचल फिटेपर्यंत माणूस दुसरीकडे जाऊ शकत नसे, हेही खरं. शेजारच्या शॉपने दोन हजार जास्त देऊ केले तरी त्याला "आधी उचल फेडतो" म्हणावं लागे.

दहावा माणूस मस्टरवर आला आणि ईएसआय लागू झाली, त्यानंतर आजारपणाच्या उचली कमी झाल्या. लग्नाच्या आणि गावच्या घराच्या राहिल्या. आजारपणाच्या रजेत रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत महामंडळाकडून मिळतात. क्षयरोग, कर्करोग अशा दीर्घ आजारांत ८० टक्के, आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. मालकाला त्या दिवसांचा पगार द्यावा लागत नाही. विमा क्रमांक माणसाबरोबर फिरतो, म्हणजे शॉप बदललं तरी कार्ड तेच. कामगाराच्या हाताला मोकळीक मिळाली. कोणत्याही अहवालात मी हा परिणाम ठळकपणे वाचलेला नाही, पण लाल वहीत तो स्वच्छ दिसतो. माणसं टिकवायला मालकांना आता पगारच वाढवावा लागतो.

आणि तिथंच २१,००० ची रेषा आडवी येते. एकाच योजनेने माणसाला शॉप बदलायला मोकळं केलं आणि पगाराच्या शिडीवर एका पायरीशी बांधून ठेवलं.

साध्या आजाराला मात्र पोरं कार्ड काढत नाहीत. दवाखान्यात जायचं म्हणजे अर्धा दिवस खाडा. १८,००० वाल्याचे २६ दिवसांच्या हिशेबाने ३४६ रुपये जातात. गल्लीतला डॉक्टर गोळ्यांसकट दीडशेत मोकळं करतो. "ईएसआयमध्ये मिळत काही नाही" हा सूर इथून येतो, आणि तो खोटा नाही. मोठ्या आजाराला ती हत्तीसारखी उभी राहते, सर्दी-तापाला मात्र ती महाग पडते.

शेजारच्या एका शॉपने दहावा माणूस कधी मस्टरवर घेतलाच नाही. नऊ जण पक्के, बाकीचे "ट्रेनिंग" आणि "जॉब-वर्क" नावाखाली. कायद्याने कंत्राटी माणसंही मोजायची असतात, पण मोजणारा यावा लागतो. दहाचा आकडा एकदा गाठला की पुढे माणसं कमी झाली तरी योजना सुटत नाही, म्हणून ते मालक नऊवर पाय घट्ट रोवून आहेत. ऑर्डर असूनही सहावी प्रेस घेत नाहीत. चार टक्क्यांच्या हप्त्यासाठी धंदा खुंटवणं मला पटत नाही, वरचा ३,५४,७०८ चा हिशेब पाहता तर अजिबातच नाही. पण त्यांच्या शॉपमध्ये अजून कुणाचं बोट गेलेलं नाही.

काय केलं

मामापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, वाढ घ्यायचीच पण तारीख हलवायची. हप्त्याचे सहामाही काळ ठरलेले आहेत: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू झाल्यावर मध्येच पगार रेषेवर गेला तर तो काळ संपेपर्यंत माणूस योजनेतच राहतो. वाढ १ एप्रिलपासून दिली तर हप्ते मार्चलाच थांबतात आणि त्या हप्त्यांवरचा लाभ डिसेंबर २०२४ पर्यंत मिळतो. तीच वाढ १ मेपासून दिली तर हप्ते सप्टेंबरपर्यंत चालतात आणि लाभ जून २०२५ पर्यंत. एका महिन्याची वाढ सोडली की सहा महिन्यांचं छत्र. ही गोष्ट बहुतेक छोट्या मालकांना ठाऊकच नसते, आणि वाढ सवयीने १ एप्रिललाच लावली जाते. पण मामाच्या आईचा आजार जूनमध्ये संपणारा नव्हता.

दुसरी वाट ओव्हरटाइमची. २१,००० ची रेषा ओव्हरटाइम वगळून मोजत. ओव्हरटाइमवर तेव्हा हप्ता लागे, पण त्याने माणूस बाहेर जात नसे. मामा आधीच महिन्याला बऱ्यापैकी ओव्हरटाइम करत होता. डायलिसिसचे तीन दिवस सांभाळून आणखी करणं शक्य नव्हतं.

तिसरी निवडली. पगार ४०० ने वाढवून २०,९०० केला. उरलेले १,१०० दर महिन्याला न देता डाय-सेटिंगमधल्या रिजेक्शनशी (नापास होणाऱ्या मालाशी) जोडून तिमाही इन्सेंटिव्ह म्हणून ३,३०० द्यायचे ठरले. दोन महिन्यांहून जास्त अंतराने दिली जाणारी अशी रक्कम १९४८ च्या कायद्यात वेतनात धरली जात नव्हती. इन्सेंटिव्ह खरोखर कामाशी जोडलेलं असावं, रिजेक्शनचं रजिस्टर ठेवावं, एवढं मी बजावलं. नुसता पगार चिरून दोन नावांनी दिला तर तपासणीत ते टिकायचं नाही.

फुकट काहीच नसतं. ग्रॅच्युइटी तेव्हा शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर निघे. वेतनाबाहेर ठेवलेल्या १,१०० मागे नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ६३५ रुपये मामाने सोडले. आजारपणाचा ७० टक्क्यांचा दरही खालच्या पगारावर निघणार. शॉपमध्ये वीस माणसं नसल्याने भविष्यनिर्वाह निधी लागू नाही, नाहीतर तिथंही फटका होता. मामाने हे सगळं ऐकून घेतलं आणि सही केली.

माझं मत: ही पळवाट आहे, आणि ती काढायला लागणं हा रेषेचा दोष आहे. १९४८ मध्ये ही मर्यादा ४०० रुपये होती. १९९७ मध्ये ६,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि जानेवारी २०१७ पासून २१,०००. मामा या शॉपमध्ये आला तेव्हा त्याला ही रेषा कधी लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मर्यादा वाढवायला हवी हे बरोबर, पण नुसती वाढवून कडा पुढे सरकते, मोडत नाही. निवृत्त विमाधारकाला वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. मग रेषा ओलांडलेल्या कामगाराला २१,००० वरचे चारही टक्के, म्हणजे ८४० रुपये, स्वतः भरून आत राहू द्यायला काय हरकत आहे? मामाने ते हसत भरले असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि वेतनाची व्याख्याच बदलली. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम आता वेतनाबाहेर, पण हे सगळं मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेलं तर वरचा भाग पुन्हा वेतनात. या शॉपच्या स्लिपवर घरभाड्याचा रकानाच नव्हता, सगळा पगार एकगठ्ठा लिहिलेला. स्लिपा नव्याने लावाव्या लागतील, आणि मामाची तिमाही व्यवस्थाही नव्या व्याख्येत तपासून घ्यावी लागेल.

रांगेत मागे दोघं आहेत. एक ऑपरेटर १९,८०० वर. सात टक्के वाढ दिली की २१,१८६. दुसरी पॅकिंगची बाई १९,२०० वर, तिला आणखी एक वर्ष आहे. मालकांनी विचारलं, सगळ्यांनाच तिमाहीवर टाकू का. मी नको म्हटलं. घरात आजार चालू नाही त्यांनी रेषा ओलांडावी, पगार पगारासारखा वाढू द्यावा. फक्त एक करावं: कार्ड चालू असतानाच कुटुंबाची खाजगी पॉलिसी काढावी. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, ती ईएसआयच्या छत्राखाली जितकी सरेल तितकी सरू द्यावी. पहिल्या वर्षाच्या प्रीमियममध्ये मालक रेषा ओलांडल्यावर वाचणारा स्वतःचा ३.२५ टक्क्यांचा वाटा घालणार आहेत. ऑपरेटरने फॉर्म नेला आहे. पॅकिंगची बाई म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते.